सामाईक हजेरीची चौकट

ज्या कामावर कोणीच लक्ष ठेवत नाही ते होत नाही, आणि ज्यावर सगळे मिळून लक्ष ठेवतात ते झाल्याची नोंद होते. हे सत्य बऱ्याच कचेऱ्यांना ठाऊक आहे. सातपूरच्या एका कंपनीने मात्र ते चिपमध्ये बसवून दाखवलं.

ही कंपनी लशींच्या फ्रिजचे कंट्रोलर बनवते. प्रत्येकात वॉचडॉग नावाचं राखणीचं घड्याळ असतं. फ्रिज थंड ठेवणाऱ्या प्रोग्रामने दर दोन सेकंदांनी त्याला 'मी जागा आहे' अशी हजेरी द्यायची. नाही दिली, की घड्याळ कंट्रोलर बंद करून पुन्हा चालू करतं. (घरोघरी हेच काम टीव्हीच्या डोक्यावर चापट मारून होत असे.) कंपनीची मॉडेलं पाच, घड्याळं पाच प्रकारची, आणि प्रत्येक विभागाने आपल्या घड्याळाचा ड्रायव्हर, म्हणजे ते हाताळणारा छोटा प्रोग्राम, आपल्या अकलेने लिहिलेला. या पाच चुली मोडून एक सामाईक चौकट उभी करायचं काम निकिताकडे आलं.

तिला ते मनापासून हवं होतं. इगतपुरीकडच्या एका उपकेंद्रातल्या सरिता सिस्टर पावसाळाभर तिला फोन करत. "मॅडम, डबा परत हँग झालाय. बुधवारी लेकरं यायची हायेत. लस गरम झाली तर आयांना काय सांगू?" बुधवारची लस थंड राहावी, एवढंच निकिताला पाहायचं होतं.

तिच्या चौकटीच्या चाचणीच्या पहिल्या महिन्यात त्रेचाळीस रीस्टार्ट झाले, म्हणजे फ्रिज त्रेचाळीस वेळा वाचले. पण रीस्टार्ट त्या त्या विभागाच्या नावावर दोष म्हणून लागायचा, त्यामुळे आनंद कोणालाच झाला नाही. समिती बसली. अध्यक्ष रविराज सरांसह सभासद नऊ, बैठका अठरा (पैकी चार 'हँग' या शब्दाला पर्याय शोधण्यात गेल्या, 'चिंतनावस्था' मंजूर झाला).

"दोन सेकंद कोणी विचारात पडला, की लगेच हलवायचं?" रविराज सरांनी विचारलं. समितीतले दोघे तेव्हा चिंतनावस्थेतच होते. त्यांना कोणी हलवलं नाही.

अखेर पाच कलमी चौकट ठरली. कलम एक: रीस्टार्टपूर्वी संबंधित प्रोग्रामला नोटीस देऊन म्हणणं मांडण्याची संधी द्यावी. कलम दोन: म्हणणं न आल्यास त्याची हरकत नाही असं समजावं. कलम चार: प्रत्येकाने स्वतंत्र हजेरी देण्यात वेळ जातो, सबब चौकटीनेच ती सर्वांच्या वतीने द्यावी. कलम पाच: हजेरी पूर्ण दिसताच हिरवा दिवा लावावा.

"सर, मग फ्रिज मेला तरी हजेरी लागेल," निकिता म्हणाली.

"त्यासाठी तुमचं कलम आहे ना, मॅडम. करा सही, जेवण थंड होतंय."

आपलं कलम आहे म्हटल्यावर निकिताने सही केली. (जेवण वेळेवर झालं.)

पुढच्या तीन महिन्यांत रीस्टार्ट शून्य. रविराज सरांना कंपनीची उत्कृष्ट कामाची ढाल मिळाली. जुलैत सरिता सिस्टरचा फोन आला. "मॅडम, दिवा हिरवा हाय, पण आत बर्फाचं पाणी झालंय. लस फेकली. एकोणीस लेकरं माघारी लावली. एक बाई तर घाट चढून आलती." निकिताने तक्रार नोंदवली. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: उपकरण हजर आहे.

तिने मंजुरीचा कागद काढला. खाली दहा सह्या, शेवटची तिची. तिचं कलम होतं तिसरं: 'हजेरी लावण्यापूर्वी फ्रिज खरोखर थंड आहे का, ते पाहावं.' ते टाइप करताना गळलं होतं. दहा जणांनी कागद वाचला होता, आणि त्यांत ती स्वतः होती. तिला स्वतःची फार लाज वाटली.

वर कलम दोननंतर थेट चार आलं होतं. वाचकहो, आपल्या ते ध्यानात आलं नसेल. आलं असेल, तर आपण काही बोलला नाहीत. कलम दोनप्रमाणे आपली हरकत नाही असं समजून, निकिताच्या खाली अकरावी सही आपली धरली आहे.