दाजीकाकांचा व्हर्नियर आणि माझा जबडा

आमच्या शेजारच्या खोलीतले दाजीकाका शर्टाच्या खिशात पेन नाही, जाडी मोजायचा व्हर्नियर ठेवतात. खरंच सांगते! गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली, पण मोजायची सवय काही बंद पडली नाही. एकदा आईची चपाती मोजून म्हणाले, "वयनी, ह्या बाजून अर्धो मिलिमीटर जाड." आईने महिनाभर त्यांना चपाती दाखवली नाही.

मग सापडले मी. चूक माझीच. पंधरा वर्षांची होते, तोंड उघडताना जबडा 'टक्' वाजायचा आणि मला वाटायचं, ही कला आहे! वर्गात फर्माईश आली की वाजवून दाखवायचे. एक दिवस पैज लावली, अख्खा बटाटावडा एका घासात. पहिला गेला. दुसऱ्याला टक् वाजलंच नाही, आणि तोंड बोटभराच्या वर उघडेचना. मैत्रीण मंदा ओरडली, "शलूचं तोंड बंद? अरे, पेढे वाटा!"

घरी काकांनी माझ्या कानाजवळ बोट ठेवलं. "काय नाय गो, वायसर सरकलो हा."

आम्ही हसलो. घाटकोपरहून शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनीही तेच सांगितलं. फक्त वायसरला ते चकती म्हणाले. कानाजवळ दोन बारीक भोकं पाडून दुर्बिणीने ती जागेवर बसवली. वर म्हणाले, "वाढतं वय आहे. आता सांध्याचं हाड भरेल, नाहीतर झिजेल. झिजलं तर हनुवटी एका बाजूला जाईल. वर्षभर व्यायाम कर, मग बघू."

वाकड्या हनुवटीची शलू! मी आरशासमोर तीन दिवस रडले. चौथ्या दिवशी दारात काका. "झिजता कसा ता बघतंय मी!"

व्यायाम म्हणजे दातांत आईस्क्रीमच्या काड्या रचून तोंड उघडायचं. काकांनी चाळभर फिरून काड्या जमवल्या, उकळल्या, कानशीने घासून सगळ्या एका जाडीच्या केल्या. रोज सकाळी सातला हजर. "आ कर गो!" तोंड किती मिलिमीटर उघडलं ते मोजायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. अठ्ठावीस. एकतीस. मी काड्या तोंडात असतानाही बडबडायचे. काका दटावायचे, "मशीन चालू असताना माप घेवचा नाय. गप रव!"

वर्षाने एक्सरे काढला. डॉक्टर म्हणाले, "हाड मस्त भरलंय. आता मोजायची गरज नाही."

मी नाचतच काकांकडे. "काका, सुटले! उद्यापासून तुमची कटकट बंद!"

"बरा झाला," काका म्हणाले. त्यांनी व्हर्नियरला तेल लावलं आणि फडक्यात गुंडाळला. गिरणीतली बाकीची हत्यारं अशीच गुंडाळून त्यांच्या माळ्यावर पडली होती.

दुसऱ्या दिवशी सात वाजले. दारात कोणी नाही. सव्वासात. एरवी मी आधी बोलते आणि मग विचार करते, त्या दिवशी उलटं झालं.

काका खिडकीशी बसले होते. खिसा रिकामा.

"काका, जरा आखडल्यासारखं वाटतंय हो."

फडकं क्षणात सुटलं. "आ कर गो!"

मी मुद्दाम अर्धवटच आ केला. काकांनी आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. चपातीतला अर्धा मिलिमीटर पकडणारा माणूस तो! पण कॅलेंडरवर लिहिलं, चौतीस. काल त्रेचाळीस होतं.

"फाल्यां सकाळी परत बघूया," म्हणाले, आणि व्हर्नियर खिशात ठेवला.