शुद्ध शेवाळाचा अहवाल

खाडीचं पाणी तांबडं झालं, तेव्हा मत्स्य खात्याने पाण्याआधी अधिकारक्षेत्र तपासलं. शेवाळ खात्याच्या अखत्यारीत येत होतं. त्याला चिकटलेले जिवाणू आरोग्य खात्याचे. सबब, परके जिवाणू काढून टाकल्यावरच शेवाळाचं विष मोजावं, असा नियम होता. प्रयोगशाळेतल्या बाई तो इमानेइतबारे पाळत.

यंदा घोळ झाला. एका बाटलीतल्या शेवाळाचे जिवाणू धुऊन काढायचे राहून गेले. धुतलेलं शेवाळ गरीब गाय निघालं. न धुतलेलं मात्र जिवाणूंच्या संगतीत भराभर फोफावलं आणि जहाल विष ओकू लागलं.

"साहेब, हेच विष शिंपल्यांत उतरतं, शिजवूनही जात नाही. खाडीत शेवाळ एकटं असतं कुठे?"

"बाई, चौकशी करताना संगत बाजूला ठेवायची असते," साहेब म्हणाले. "नाहीतर या इमारतीत निर्दोष कोण सुटेल?"

बाईंच्या बढतीचा कागद साहेबांच्याच टेबलावर होता. शिवाय खाडीवर बंदी आल्यापासून, शिंपले काढून पोट भरणारा धाकटा भाऊ रोज फोन करत होता, "ताई, खाडी उघड गं. किती दिवस नुसता बसू?"

त्या बाटलीवर 'अस्वच्छ नमुना' अशी चिठ्ठी चिकटली आणि ती मोरीत रिकामी झाली. शेवाळ निर्विष, शिंपले खाण्यास योग्य, या निष्कर्षाखाली बाईंनी सही केली.

लोकांची भीती मोडावी म्हणून खात्याने किनाऱ्यावर जेवण घातलं. वाफाळते शिंपले आले आणि हात लावण्याआधीच साहेबांचं पोट बिघडलं. पाठोपाठ उपसाहेबांचंही. खात्यात पोटंसुद्धा हुद्द्याप्रमाणे बिघडतात.

"पहिला मान शिंपलेवाल्यांचा!" साहेबांनी जाहीर केलं.

भाऊ ताट घेऊन उभा राहिला. "ताई, तुझ्या सहीवर खातोय बरं का!"

शिंपला ओठांपाशी गेला, तोच बाईंनी धावत जाऊन ताट उडवलं.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"एक अक्षर बोलू नकोस. घरी चल."

गर्दी ताटांकडे संशयाने पाहू लागली. साहेब मात्र गोड हसले. "कौटुंबिक बाब आहे. चालू द्या, वाढा पुढे."

भावाचं मनगट धरून बाई निघाल्या. मागे ताटं पुढे सरकत होती. त्यांनी वळून पाहिलं नाही.

एव्हाना ताट तुमच्यापर्यंत आलंच असेल. सही आहे, शिक्का आहे. संकोच करू नका, घ्या. तुम्ही थोडेच बाईंचे भाऊ आहात?