आमच्या गल्लीतले अकरा संडास

माणूस कितीही मोठा असो, त्याच्या घरातलं सांडपाणी शेवटी शेजाऱ्याच्या सांडपाण्याला जाऊन मिळतंच. तिथे मानपान नाही.

आमच्याकडे गटारपट्टी संडास मोजून लागते. जितके संडास तितकी पट्टी, आणि त्याच पट्टीतून गल्लीच्या टोकाचा पंप चालतो, पाइप धुतले जातात, गाळ उपसला जातो. पद्धत फार चांगली. मोजायला कोणी येत नाही. फॉर्म येतो, आकडा आपणच भरायचा. (इतका विश्वास माझ्यावर माझ्या सुनेनंही कधी ठेवला नाही.)

माझ्या घरात दोन आहेत. एक आमचा, एक पाहुण्यांचा. तो मी हौसेनं बांधला, निळ्या फरशीचा. फॉर्मवर मी लिहिलं, एक. यात खोटं काय? पाहुण्यांचा तो पाहुण्यांचा, त्याला आपला कसा म्हणायचा?

गल्लीत घरं चाळीस, सगळी अशीच सचोटीची. शिंप्यानं लिहिलं अर्धा, कारण दाराला कडी नाही. निवृत्त मास्तरांनी शून्य लिहून खाली झोकात सही केली. (मास्तरांना बद्धकोष्ठ आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण इतकं?) शिंप्याचा अर्धा कचेरीनं सोडून दिला. बेरीज भरली अकरा. माणसं दोनशे नऊ. म्हणजे दर संडासामागे एकोणीस. आमच्या संयमाचं कौतुक करणारं पत्र कचेरीतून आलं. शिंप्यानं ते चौकट करून दुकानात लावलंय.

मग कचेरी अकरा संडासांपुरताच पंप चालवू लागली. सकाळी पाऊण तास. रास्तच आहे. जिथे घाणच नाही तिथे वीज कशाला जाळायची?

आमचं घर उतारावर, सगळ्यांत खाली. शनिवारी गल्लीचा सगळा संयम माझ्या निळ्या फरशीवर वर आला. आणि रविवारी विहीणबाई यायच्या होत्या, आठ दिवस राहायला. लग्नात याच म्हणाल्या होत्या, "घर बरं आहे, टापटीप तेवढी कमी." ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

नाक मुठीत धरून कचेरीत गेले. (घरातही तसंच धरलं होतं.)

कारकून म्हणाला, "मावशी, कुठल्या संडासात आलं पाणी?"

"पाहुण्यांच्या."

त्यानं वही चाळली. "तो तर तुमच्याकडे नाहीच."

"नसलेला तुंबलाय रे बाबा!"

"नसलेला कसा तुंबेल? असलेला ठीक आहे ना?"

"आहे."

"मग तक्रार मिटली." त्यानं शिक्का मारला.

"आणि खरा आकडा लिहिला तर?"

"तुमची पट्टी वाढेल. पंप नाही वाढायचा. निदान चाळीस व्हायला पाहिजेत."

तिथल्या तिथे मी दोन लिहिले. अकराचे बारा झाले. परत येताना घरोघरी सांगितलं. सगळे म्हणाले, "आधी बाकीच्यांना लिहू द्या, काकू."

रविवारी विहीणबाई आल्या. मी आडवी येईपर्यंत त्यांनी निळ्या फरशीचं दार उघडलंसुद्धा. नाकाला रुमाल लावून बराच वेळ बघत राहिल्या. मी मान खाली घालून टोमण्याची वाट पाहत होते.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हीपण एकच लिहिलात?"

तेव्हापासून आमचं छान जमतं.

तुम्ही हसलात ना? हसा, हसा. हसून झालं की उठा, आपल्या घरातले मोजा, मग फॉर्मवर काय लिहिलंत ते आठवा. तुमचं घर चढावर असेल, तुम्हाला काय दिसणार? मला रोज दिसतं.