अण्णांची गच्ची, वरून

मला फोटो चांगले काढता येतात हे मी स्वतःहून कधी सांगत नाही. कोणी विचारलं तरच सांगतो, आणि कोणी विचारत नाही म्हणून विषय मीच काढतो. माझ्या लग्नात फोटोग्राफरने कॅमेरा चुकीच्या कोनातून धरला होता, तेव्हा मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाट बाजूला सारून मी त्याला दोन गोष्टी समजावल्या होत्या. मुहूर्त टळला, पण फोटो सुधारले. तेव्हापासून माझे सासरे अण्णा माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

माझी सासुरवाडी चिखलोलीची. अण्णांच्या भाताच्या खाचरात आता बिल्डरने सात मजली इमारत उभी केली आहे आणि वरचे फ्लॅट अण्णांच्या कुटुंबाला मिळालेत. त्या बिल्डरचं नाव काढलं की अण्णा अजून तोंड वाकडं करतात. यंदा त्यांची पंचाहत्तरी होती. भेट काय हवी, असं सगळ्यांनी विचारल्यावर ते म्हणाले, "एकदा वरशी बघाचा हाय मना. कुठं शेत होता, न आता आपली मानसं कुठं रहातान."

माझा मेहुणा कैलास लगेच म्हणाला, "दाजी, मित्राचा ड्रोन आणतो. दहा मिनिटांत काम खलास."

"ड्रोनला नजर नसते, कैलास," मी म्हणालो. "मी स्वतः विमानातून काढणार."

हे मी उगाच बोललो नव्हतो. ऑफिसच्या लकी ड्रॉमध्ये मला छोट्या विमानातून फेरी मारायचं बक्षीस लागलं होतं. अण्णांनी माझ्याकडे पूर्ण मान वळवून पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. हा फोटो जमला तर मी या घरचा जावई, नाहीतर जन्मभर अंतरपाटवाला, हे मला तेव्हाच कळलं.

मी बायकोला, म्हणजे माधवीला, चोख सूचना दिल्या. रविवारी अकरा वाजता सगळ्यांनी गच्चीवर यायचं, मधोमध पांढरी चादर अंथरायची आणि विमान दिसलं की टॉवेल हलवायचे. पांढऱ्या चादरीवरून मी इमारत ओळखणार होतो.

"मे महिना आहे," माधवी म्हणाली. "सगळे भाजून निघतील."

"उजेड उत्तम असतो," मी म्हणालो.

विमान चार सीटचं होतं. पायलट राजसी नावाची तिशीतली मुलगी होती, आणि तिने मला पहिल्याच वाक्यात काका केलं. तिने खिडकी उघडायची परवानगी दिली, सोबत एक कागदी पिशवीही दिली. मी पिशवी हसून परत केली. उल्हासनगर यायच्या आत ती परत मागून घेतली.

खाली गच्च्यागच्च्यांवर धुतलेल्या जीन्स वाळत होत्या, अख्खं शहर निळं दिसत होतं. मला मात्र तेव्हा सगळंच थोडं हिरवं दिसत होतं. मी पिशवीत तोंड घातलं, आणि नाकावरचा चष्मा अलगद आत गेला. तो बाहेर काढायची माझी हिंमत झाली नाही. अंबरनाथच्या कारखान्यांवरून विमान वळलं तेव्हा माझ्या एका हातात झूम लेन्सचा कॅमेरा होता, दुसऱ्यात पिशवी, आणि डोळ्यांपुढे नुसतं धुकं.

"काका, आलं चिखलोली. बिल्डिंग कुठली?"

"पांढरी चादर अंथरलेली. लोक टॉवेल हलवत असतील."

राजसीने विमान तिरकं करून खाली पाहिलं. मग म्हणाली, "काका, सगळीकडेच अंथरल्यात. आणि सगळेच हलवतायत."

मी डोळे बारीक करून पाहिलं. खरंच! जिकडे तिकडे पांढरे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाजवळ कोणीतरी फडकं फिरवत होतं. माधवीने गावभर सांगितलं असणार. माझा ऊर भरून आला. मी खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्या गावाला अभिवादन केलं.

"तुम्ही इकडे फेमस आहात का?" राजसीने विचारलं.

"थोडाफार," मी म्हणालो.

पण अण्णा कुठे? तेवढ्यात एका गच्चीवर बनियन घातलेला एक म्हातारा दिसला. तो डोक्यावर टॉवेल गरागरा फिरवत होता, उड्या मारत होता, मध्येच पळत होता. अण्णांना इतका आनंद झालेला मी कधीच पाहिला नव्हता. तेही माझ्यासाठी! खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं, आधीच न दिसणारं आणखी दिसेनासं झालं. मी बटण दाबून ठेवलं ते विमान पुढे जाईपर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या सिंधी फोटोफ्रेमवाल्याकडे गेलो. नवा चष्मा अजून मिळाला नव्हता. दुकानदाराने सगळे फोटो स्क्रीनवर पाहिले आणि म्हणाला, "साईं, ये वाला बनाओ. चाचा का जोश देखो, फेस भी एकदम क्लिअर."

"तेच आमचे सासरे," मी अभिमानाने सांगितलं. त्याने फोटो दारापेक्षा थोडाच लहान केला आणि कागदात गुंडाळून दिला. तो कागद फक्त पंचाहत्तरीच्या समारंभातच काढायचा, असं मी सगळ्यांना बजावलं.

समारंभाला सारं गाव लोटलं. पहिल्या रांगेत हरिचंद्रशेठ बसले होते. हे अण्णांचे चुलतभाऊ, शेजारच्याच इमारतीत राहतात. कडक इस्त्री, पिळदार मिशी आणि भाषणाची भारी हौस. त्यांनी माईक घेतला आणि सांगितलं की, हल्ली पुरुष बायकांच्या धाकात राहतात, पण त्यांनी मात्र आयुष्यात घरातला तांब्या उचललेला नाही. लोकांनी आदराने माना डोलावल्या. मग मोठ्या मानाने फोटोवरचा कागदही त्यांच्याच हस्ते काढला.

माझा नवा चष्मा त्याच दिवशी सकाळी आला होता. त्यामुळे मलाही सगळं स्पष्ट दिसलं.

फोटोत हरिचंद्रशेठ होते. बनियन, आखूड चड्डी, हातात टॉवेल. भोवती कावळे उडत होते आणि चादरीवर पापड पसरले होते. बाजूला छत्रीखाली खुर्चीत त्यांची बायको एका हातात चहाचा कप धरून बसली होती, आणि दुसऱ्या हाताने कावळा कुठून येतोय ते त्यांना दाखवत होती.

माझ्या सासूबाई, बनूबाई, सरळ स्वभावाच्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "यो तर हरिचंद्र भावजी. पापड राखतान."

मे महिन्यातल्या रविवारी सगळं गाव गच्चीवर पापड वाळवतं आणि फडकी हलवून कावळे हाकतं, हे मला तेव्हा समजलं. माझ्या सासरची माणसं शेजारच्याच गच्चीवर दोन तास टॉवेल हलवत उभी होती. फोटोच्या कडेला कैलासचं कोपर तेवढं आलं होतं.

अण्णा हळूहळू माझ्याकडे वळले. मी दार कुठे आहे ते पाहून ठेवलं. अण्णांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. मग त्यांच्या तोंडातून असा काही आवाज फुटला की कवळी निसटून हातात आली. अण्णा हसत होते. हरिचंद्रशेठ जेवायला न थांबता निघून गेले, तरी अण्णा हसतच होते. त्यांनी भर हॉलमध्ये मला मिठी मारली.

फोटो आता त्यांच्या हॉलमध्ये, दारासमोर लावलाय. येणाऱ्या प्रत्येकाला आधी तो दाखवतात, मग चहा. माधवी उन्हाने सोललेलं नाक घेऊन माझ्याशी अजून धड बोलत नाही, पण अण्णा मला रोज फोन करतात. कालही आला होता.

"जावय, परत कदी उडनार?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तेव्हा, अण्णा. या वेळी तुमचाच फोटो काढतो. नक्की."

"माझा नको," अण्णा म्हणाले. "या बारीला चुकून बिल्डरचा काढा."