सरोदे सरांच्या यादीत नसलेलं संकट

भर परीक्षेत एका अंध मुलीचा संगणक मी माझ्या या हाताने बंद केलाय. पडदा काळा दिसला. मला वाटलं, यंत्र बंद आहे आणि पोर उगाच बटणं बडवतेय. धावले आणि खोक्यावरचं सगळ्यात मोठं बटण दाबलं. नारायण पेठेतल्या आमच्या कॉलेजात मी तेव्हा वरिष्ठ पर्यवेक्षक होते. छातीवर बिल्ला लावला की आपल्याला सगळं कळतं, अशी माझी समजूत होती. नातवंडांना हा किस्सा सांगताना ती बाई मी दुसरीच कुणीतरी करते.

पण आधी सरोदे सरांना भेटा. पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळायचे. जगाला त्यांचा एकच प्रश्न होता, "आणि बंद पडलं तर?" पंखा, स्कूटर, स्वतःचं हृदय, सगळ्यांबद्दल तोच. दोन्ही मनगटांवर घड्याळं. बुधवार पेठेतला विजेच्या वस्तूंचा दुकानदार त्यांना पाहताच म्हणायचा, "सर, आधी चालू तर करू द्या!"

ती मुलगी, वैशाली, तिसऱ्या वर्षाला होती. आदल्या वर्षी तिच्या लेखनिक बाई तिचं उत्तर ऐकून "असं नसतं गं" म्हणायच्या आणि स्वतःचं लिहायच्या. त्यात वैशाली अर्थशास्त्रात नापास झाली. या खेपेला विषय गेला तर शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावलं होतं. संगणकावर स्वतः लिहायची परवानगी विद्यापीठाकडून आली; यंत्र निवडायचं काम सरांकडे.

सरांनी धसकाच घेतला. डोळ्यांना पंचा बांधून तीन-तीन तास, टाइप केलेलं बोलून दाखवणाऱ्या संगणकापुढे बसायचे. शिपाई चहा घेऊन गेला तो कप दारातच ठेवून पळाला.

हिंजवडीहून संगणक विकायला एक टायवाला तरुण आला. "सर, एकदम लेटेस्ट आहे. क्रॅश होतच नाही."

सरांनी भिंतीतली पिन उपटली. "झाला."

"अहो, पण असं कोण करतं?"

"वीज मंडळ. दर गुरुवारी."

त्या तरुणाच्या संगणकाचा आवाज मात्र फार गोड. मी म्हटलं, हाच घ्या. वैशाली म्हणाली, "मॅडम, गोड नको, भरभर बोलणारा द्या. मला पेपर सोडवायचाय." शेवटी एक जुना, नाकात बोलणारा संगणक ठरला. सोबत इतर मुलांना त्रास नको म्हणून हेडफोन, एक बॅटरी, आणि त्या बॅटरीला काही झालं तर म्हणून दुसरी बॅटरी.

अर्थशास्त्राचा पेपर नेमका गुरुवारी. अकरा वाजता वीज गेली. बॅटरी पुरावी म्हणून सरांनी पडदा बंद केला. वैशालीला तो हवाय कशाला? मग ते दुसरी बॅटरी आणायला गेले, आणि मी आत आले. त्या माणसाने जगातल्या यच्चयावत संकटांची यादी केली होती. त्या यादीत मी नव्हते.

बटण दाबलं. घरघर थांबली. वैशालीचे दोन्ही हात कीबोर्डवरून वर उचलले गेले आणि तसेच हवेत राहिले.

"सर? सर, याचा आवाज गेला."

दारात सर उभे, कुशीत बॅटरी. माझं बोट अजून बटणावरच. त्यांनी बॅटरी खाली ठेवली, पडदा चालू केला, यंत्र सुरू केलं. ते आधी स्वतःची तपासणी करत बसलं. दहा टक्के. अकरा टक्के. दीड तासाची उत्तरं त्याच्या पोटात. सर दोन्ही घड्याळं आळीपाळीने बघत होते. वैशाली पुटपुटत होती. पहिलं उत्तर पुन्हा पाठ म्हणत असावी.

शेवटी हेडफोनमधून तो नाकातला आवाज पाझरला. वैशाली वाकून ऐकत राहिली, मग म्हणाली, "एकच वाक्य गेलंय. बाकी आहे सगळं." दर पूर्णविरामाला उत्तर जतन करायची सवय सरांनी तिला दोन महिने घोटून लावली होती.

गेलेली आठ मिनिटं मी तिला वाढवून दिली. पेपर संपल्यावर प्रयोगशाळेत गेले. सर अंधारात स्टुलावर बसले होते. माफी मागायला तोंड उघडलं, तर रडूच आलं. हातपाय अजून गार होते. सरांनी स्वतःचा पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले,

"बसा, बाई. बरं वाटलं तुम्हाला बघून. दोन महिने या पोरीसाठी मी एकटाच घाबरत होतो."