रिकामी डिस्क आणि हरेश्वर कोळी

एक रिकामा संगणक तयार करायला जाणत्या माणसाला चार दिवस का लागावेत? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हरेश्वर कोळींच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो.

दिवाळे गावच्या कोळीवाड्यातले हरेश्वर कोपरखैरण्याच्या आमच्या शाळेत संगणक सांभाळतात. शाळेच्या साऱ्या चित्रफिती सात जुन्या संगणकांवर वाटून ठेवायच्या होत्या. त्यांतला पहिला संगणक चित्रफिती ठेवणार नव्हता; कोणती कुठे आहे, एवढीच नोंद राखणार होता.

"म्हंजे बंदरावरची माझी आय," हरेश्वरांनी व्याख्या केली. "मासं धरत नाय, पन कुनाची पाटी कुठं, ते तिलाच इचारा."

या पदासाठी मी घरचा संगणक दिला. हरेश्वरांनी त्याला कायमचे नाव दिले, कायमचा पत्ता दिला आणि त्याचे घड्याळ उरलेल्या सहांशी सेकंदापर्यंत जुळवले. मी सहज मनगटाकडे पाहिले.

"मास्तर, तुमचं घड्याल दोन मिनटं पुढं हाय. खिशात टाका. बघून बघून ह्यो पन बिघडंल."

राहिले डिस्क पुसणे.

"रिकामीच आहे," मी म्हणालो.

"कोन बोलतो?"

"मी बोलतो."

"तुमी बोललाव. डिस्क कुठं बोलली?"

आणि ते एकेक फोल्डर उघडत बसले. दोन दिवस! मुख्याध्यापिका दारातून म्हणाल्या, "कोळी, मास्तरांच्या घराची झडती घेताय का?"

"हां बाई. वॉरंट नाय, पन चालू हाय."

चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी हेडफोन माझ्यापुढे धरला. आधी कुकरची शिट्टी, मग माझी पत्नी: "वालाचं बिरडं. आधी मोड आलेले वाल सोलून... अहो, मध्ये बोलू नका, मी मीठ विसरते!"

तिला जाऊन तीन वर्षे झाली. तिचा आवाज कुठे उरला असेल, हे मला ठाऊकच नव्हते.

हरेश्वर खिडकीबाहेर पाहत होते. "माझ्या बाबाचं बोलनं असंच व्हतं एका डिस्कवर. रिकामी हाय असं मीच बोललो, नि मीच पुसली."

त्यांनी ती फाइल दोन ठिकाणी उतरवली, दोन्हीकडून मला शेवटपर्यंत ऐकवली आणि मगच डिस्क पुसली.

त्यांचे ऋण मान्य करण्याची नेमकी रीत मला एकच सुचते. वाचकहो, कोणतीही डिस्क पुसण्यापूर्वी ती स्वतः उघडून पाहा. माझ्या सांगण्यावरही विसंबू नका.