नंदीचा कान

आमच्या दूध संस्थेच्या संचालक मंडळावर मी एकटीच बाई, आणि माझ्या हातून आजवर साधी बांगडीसुद्धा फुटली नाही, असं मी तेव्हा खुशाल सांगत असे. महादेवाच्या देवळात नंदीच्या कानात दोन शब्द सांगितल्याशिवाय सकाळी पाणी न पिणारी बाई मी!

साल दुष्काळाचं. केजजवळच्या आमच्या गावात परदेशी सिनेमाची कंपनी आली. इतकं उजाड रान त्यांना म्हणे जगात कुठं सापडलं नव्हतं. संस्थेनं रान दिलं. बदल्यात शूटिंग चालेल तोवर गावाला रोज दोन टँकर पाणी. देखाव्याचं देऊळ उभारायला इटलीहून सिल्व्हानोबाबा आले. चाळीस वर्षं त्यांचं हेच काम. राजवाडे, बंदरं, अख्खी शहरं त्यांनी उभी केली आणि सिनेमा संपला की पाडली.

देऊळ खोटं, हे मला ठाऊक होतं. पण नंदी इतका हुबेहूब, की शूटिंगच्या आदल्या दिवशी सकाळी पाय तिकडं वळलेच. कान धरला, तोंड जवळ नेलं, "बाबा, पाऊस पाड" म्हणाले, आणि कान हातात आला.

तो पदराखाली घेऊन घर गाठलं. कणीक मळली, परत जाऊन कान चिकटवला. छान दिसला. शेजारच्या दगडाबाईच्या शेळीलाही छान वाटला. तिनं कणकेसकट तो ओढून पाडला, तर आत गवत! नंदी गवतावर प्लॅस्टर थापून केलेला. गावातल्या जनावरांनी चार महिन्यांत इतकं गवत पाहिलं नव्हतं. दुपारपर्यंत नंदीचं अर्धं डोकं पोकळ.

चेअरमन आप्पाराव धावत आले. "कुणाचं काम हाय हे? उद्या शूटिंग न्हाई झालं तर कंपनी जाईल, अन् टँकरबी."

"शेळीकडं काहून बघता?" दगडाबाई म्हणाली. "कणीक काय तिनं मळली?"

सगळे हसले. माझा आवाज मुळातच बारीक. दोनदा सांगावं लागलं. "मी केलं."

"तुमी, मंजुळाबाई?" आप्पारावांनी विचारलं.

सिल्व्हानोबाबांनी मोडक्या हिंदीत एवढंच विचारलं, "कानात काय सांगितलं?"

"पाऊस मागितला."

त्यांनी नंदीच्या पोकळ डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "माझ्या कामाला टाळ्या मिळाल्या, बक्षिसं मिळाली. त्याच्याकडं कुणी काही मागितलं नव्हतं." एवढ्यात त्यांनी दचकून आभाळाकडं पाहिलं. "पण बाई, ते परत घ्या. प्लॅस्टर भिजलं तर सगळं संपलं. डोकं मी सकाळपर्यंत करतो. आठ दिवस पाऊस नको, असं तुम्ही सांगा."

टँकर डोळ्यांपुढं आला. मी दुसऱ्या कानात सांगितलं. भर दुष्काळात, देवाच्या नंदीला, पाऊस नको म्हणून.

शूटिंग पार पडलं. आठ दिवस पाणी आलं, कंपनी गेली. मी आठ दिवस मागितले होते. देवानं अकरा महिने दिले.

बायका अजून विचारतात, "मंजुळाबाई, त्या दुसऱ्या कानात काय सांगितलंतं?"

पूर्वी मी फक्त सोमवारी मौन धरायची. आता रोजच धरते.